ग्रहण सुटलं की पंप

ऑक्टोबर लागला आणि वारा पडला. मुलुंडच्या माझ्या घरात तो तसाही फारसा येत नाही, समोर टॉवर उभा राहिल्यापासून तर नाहीच. पडला तो ऑफिसात. ज्या खोलीत मी काम करते तिला खिडकी नाही, पण बाहेरचं हवामान तिथे मला घरापेक्षा लवकर कळतं. भिंतभर पसरलेल्या पडद्यावर एक हिरवी रेघ आहे, ती पवनचक्क्यांची. पावसाळाभर ही रेघ रात्रंदिवस वर चढलेली असते. परतीचा पाऊस गेला की एके दिवशी ती खाली येते आणि खालीच राहते. मग शेजारच्या खुर्चीवरचं कोणीतरी म्हणतं, "पडला रे वारा." आणि आमची दिवाळी सुरू होते, म्हणजे कामाची.

नातेवाइकांना माझं काम समजावून सांगायचा नाद मी सोडून दिला आहे. खात्याचा शब्द आहे भार प्रेषण केंद्र. तो ऐकला की माणसं मालवाहतुकीबद्दल विचारायला लागतात. खरं तर गोष्ट साधी आहे. वीज साठवून ठेवता येत नाही, आली तरी अगदी थोडी. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. किती पाहुणे जेवायला येणार हे माहीत नसताना भात टाकायचा, आणि तो कमी पडून चालणार नाही तसा उरूनही चालणार नाही, असं ते काम. पडद्याच्या मधोमध एक आकडा असतो, पन्नासच्या आसपास. तो खाली सरकला की भात कमी पडतोय, वर गेला की उरतोय. आठ तास त्या आकड्याकडे बघत बसायचं.

पूर्वी हे सोपं होतं, असं जुने लोक सांगतात. कोळशाची केंद्रं सांगाल तेवढी चालायची, धरणाचं पाणी हाताशी असायचं. आता त्यात ऊन आणि वारा आले. ते यावेत असं मलाही मनापासून वाटतं, बाबांची छाती कशाने गेली हे मी जवळून पाहिलंय. पण ऊन आणि वारा ही काही फोन उचलणारी माणसं नव्हेत. दुपारी उन्हाची वीज एवढी येते की कोळशाच्या केंद्रांना "जरा कमी करा" म्हणून सांगावं लागतं. आणि संध्याकाळी ऊन जातं नेमकं त्याच वेळी माणसं घरी येतात, पंखे, एसी, मिक्सर, टीव्ही सगळं एकदम लावतात. पावसाळ्यात निदान वारा असतो. ऑक्टोबरात तोही नाही, आणि उकाडा मात्र मे महिन्याला लाजवेल असा. त्या तास-दोन तासांना आमच्या खोलीत तिन्हीसांजा म्हणतात. लहानपणी आई बजावायची, तिन्हीसांजेला झोपू नये, केस विंचरू नयेत, घराबाहेर पडू नये. आमच्याकडे एकच नियम आहे, तिन्हीसांजेला खुर्ची सोडायची नाही. चहासुद्धा जागेवर येतो.

दर ऑक्टोबरात मला एकच दिवाळी आठवते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं होतं, तेही संध्याकाळचं, सूर्य ग्रहणातच मावळणार असं.

आईबाबा चारकोपला राहतात. राहायचे, असं आता म्हणायला हवं, आई एकटीच आहे. सेक्टरमधली छोटी सोसायटी, पंप आणि वॉचमन दोन्ही जुने. बाबा तरुणपणी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कापसाचे तंतू आणि भट्टीचा धूर दोन्ही छातीत घेऊन ते घरी आले. त्या वर्षी ऑक्सिजनचं मशीन घरात येऊन थोडेच महिने झाले होते. कॉटच्या उशाशी ते दिवसभर घरघरत असायचं. विजेवर चालणारं ते खोकं खोलीतली हवा घेऊन तिच्यातला प्राणवायू नळीतून बाबांच्या नाकापर्यंत पोचवायचं. बाबा म्हणायचे, "ह्यो माझ्यापेक्षा जास्त घोरता." वीज गेलीच तर म्हणून कोपऱ्यात एक लहान सिलिंडर ठेवला होता. तो कसा उघडायचा, नळी कशी बदलायची, हे मी आईकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं. बाबांना स्वतःला ते जमत नव्हतं, मशीनशिवाय चार पावलं टाकली तरी त्यांचे ओठ निळे पडायचे. "मुंबयत खंय लाईट जाता?" असं म्हणत आई ते शिकली. तिचा माझ्या ऑफिसवर विश्वास होता.

ग्रहणाच्या आधी सोसायटीत मीटिंग झाली. विषय गच्चीवरची टाकी. ग्रहणात भरून ठेवलेलं पाणी वापरायचं नाही, घरातल्या पिंपांवर तुळशीपत्र ठेवता येतं, पण टाकीचं काय? कोणी म्हणालं, टाकीत दर्भाची जुडी सोडा. सेक्रेटरी नाईककाका म्हणाले, जुडी पाइपात अडकली तर प्लंबर दिवाळीत मिळणार नाही. जमिनीखालच्या टाकीचा प्रश्न निघाला, तेव्हा ती सूर्याला दिसत नसल्यामुळे तिला ग्रहण लागत नाही, असा निर्णय त्यांनी तिथल्या तिथे दिला. शेवटी ठरलं असं की गच्चीवरची टाकी दिवसभरात वापरून रिकामी करायची आणि ग्रहण सुटलं की पंप लावून ताज्या पाण्याने भरायची. मग सगळ्यांनी आंघोळी करायच्या आणि स्वयंपाकाला लागायचं. आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हसून हसून दमले.

ग्रहणाच्या सकाळी मी फराळाला चारकोपला गेले. दुपारची ड्युटी होती. आई लोणच्याच्या बरणीवर, दुधावर, तुपाच्या डब्यावर तुळशीची पानं ठेवत फिरत होती. आजारी माणसाला ग्रहण नसतं, म्हणून बाबा कॉटवर बसून बिनदिक्कत चकली खात होते. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वॉचमन टाकीत वाकून बघत होता.

"त्यांचीपण रिकामी करतायत?" मी विचारलं.

"सगळ्यांचीच," आई म्हणाली. "आमचा बघून त्यांनीपण ठरवल्यानी. पलीकडच्या सेक्टरातपण तसाच आसा."

तेव्हा माझं हसू थांबलं. रिक्षात बसल्यावर मी वर बघत गेले. प्रत्येक गच्चीवर काळी टाकी. काही एकटी, काही ठिकाणी चार-चार. हायवेला लागल्यावर बोरिवलीकडेही तेच आणि अंधेरीकडेही तेच. त्या सगळ्या टाक्यांखाली सगळे पंप एकाच मुहूर्तावर सुरू होणार असतील तर? आणि दिवसभर बंद असलेली स्वयंपाकघरं?

आमचे शिफ्टप्रमुख साठेसर. माणूस शांत, डोक्याने तल्लख, आणि अंदाज या शब्दाचं त्यांना वावडं. त्या दिवशी ते खुशीत होते. ग्रहणाची सावली कुठल्या सौर प्रकल्पावर कधी येणार आणि किती वीज कमी होणार, याचं गणित त्यांनी स्वतः बसून केलं होतं. मी त्यांना टाक्यांचं सांगितलं.

"किती पंप?" ते म्हणाले.

"ते कसं सांगणार, सर? पण खूप. आणि एकदम. सुटलं की सगळे उठणार ना."

"अगं, सूर्य मावळला की आपल्यासाठी ग्रहण संपलं. त्यानंतर सौर वीज तशीही शून्य."

"आपल्यासाठी संपलं, सर. लोकांसाठी तिथून सुरू होतं."

ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांच्याही घरी त्यांच्या आईने दुधावर तुळस ठेवली असणार. "आकडा असता तर सगळी मशीन तयार ठेवायला सांगितली असती," ते म्हणाले. "दिवाळीत धरणाचं पाणी उगीच सोडलं असं उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू, टाकीत दर्भ नव्हता?" पण मग त्यांनी फोन उचलला आणि डोंगरातल्या जलविद्युत केंद्राला एक मशीन फिरतं ठेवायला सांगितलं. मला हवी होती त्याच्या निम्मी मदत. माझ्याकडे आकडा नव्हता, त्यामुळे मी माझ्या टेबलावर जाऊन बसले.

बाबांच्या मशीनबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर बाकीचं सगळं त्याच्यासाठीच बोलतेय असं वाटलं असतं, आणि थोडं तसं होतंही.

ग्रहण लागलं. पडद्यावर उन्हाची पिवळी रेघ साठेसरांनी काढलेल्या वळणावरून तंतोतंत खाली उतरली. खोलीत कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग सूर्य मावळला आणि एक विचित्र गोष्ट झाली. भार वाढायच्या ऐवजी अंदाजापेक्षा खालीच राहिला. तिन्हीसांजा होत्या, दिवाळी होती, आणि मिक्सर नाही, ओव्हन नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती सगळी घरं आली, हात राखून बसलेली, सूर्य मावळला तरी पंचांगातली ग्रहण सुटायची वेळ कधी होतेय ते टीव्हीवर बघणारी.

"बघ," साठेसर म्हणाले, "उलट कमीच आहे. ते मशीन थांबवायला सांगू का?"

"पाचच मिनिटं थांबा, सर," मी म्हणाले.

आणि मग सुटलं. कोणीतरी शिट्टी वाजवल्यासारखी भाराची रेघ उठली. मी इतकी वर्षं तिथे बसतेय, पण इतका सरळ चढ मी पाहिला नव्हता. पाण्यावरचं मशीन तिच्या मागे धावलं, दुसरंही मागवलं, ते येईपर्यंत वेळ लागणार होता. तेवढंच असतं तर निभावलं असतं. पण नेमका त्याच वेळी दूरच्या एका औष्णिक केंद्रातला संच बंद पडला. मधला आकडा घसरायला लागला. तो एका मर्यादेखाली गेला तर सगळंच बसतं, अख्खं राज्य अंधारात जातं, आणि मग परत उभं करायला दिवस जातो. तसं होऊ नये म्हणून थोड्या लोकांची वीज थोडा वेळ काढायची असते. कोणाची, हे त्या वेळी ठरवत बसायचं नसतं म्हणून पाळी आधीच लावलेली असते.

त्या आठवड्यात पहिली पाळी कांदिवली पश्चिमेची होती. त्यात चारकोप.

साठेसरांनी पाळीचा पडदा पाहिला आणि मग माझ्याकडे. माझा दिवाळीचा फराळ कुठून येतो ते त्यांना ठाऊक होतं. "तुझे आईवडील तिकडेच ना? दे, मी बोलतो."

"नको, सर. टेबल माझं आहे."

हा काही बाणेदारपणा नव्हता. दुसऱ्या कोणी बोललं असतं तरी तोच शब्द बोलला असता, आणि तेवढी सेकंदं वाया गेली असती. पुढच्या पाळीत घाटकोपर होतं, तिथेही कोणाच्या उशाशी काय घरघरत असेल ते मला माहीत नव्हतं. मी वीज वितरणवाल्यांना फोन लावला. आमच्याकडे पद्धत आहे, आदेश दिला की ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. मी म्हणाले, "कांदिवली पश्चिम, चारकोप, भार उतरवा." पलीकडचा माणूस म्हणाला, "कांदिवली पश्चिम, चारकोप, भार उतरवतो." पडद्यावर तेवढा तुकडा काळा झाला. आकडा सावरला.

आमचे मोबाइल खोलीबाहेर कपाटात असतात. तिन्हीसांजेला खुर्ची सोडायची नाही. दुसरं मशीन जोडलं जाऊन चारकोपचा तुकडा परत उजळेपर्यंत मी तिथेच बसले होते, आणि त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. मला भयंकर भीती वाटत होती. "चारकोप पूर्ववत," असं मी फोनवर म्हणाले तेव्हा माझा आवाज फाटला, आणि पलीकडच्या माणसानेही तो आदेश जरा हळूच परत म्हटला. मग साठेसर स्वतः माझ्या खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, "जा, फोन कर."

फोन नाईककाकांनी उचलला. "बाबा बरे आहेत गं. आई कपडे बदलतेय."

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी मी चारकोपला गेले तेव्हा सगळी हकिगत कळली. ग्रहण सुटल्या सुटल्या पंप लागला, पाणी आलं, आई पहिल्यांदा आंघोळीला गेली. डोक्यावरून पाणी घेतलं, शिकेकाई लावली, आणि लाईट गेली. पंप थांबला, रिकाम्या टाकीत आलं होतं तेवढं पाणी आधीच सगळ्या घरांनी ओढलं होतं, नळ फुसफुसून बंद झाला. न्हाणीघरात अंधार. आणि बाहेरच्या खोलीतली घरघर थांबलेली. आई सांगत होती, "ती घरघर थांबली ना गो, तेवढाच माका ऐकू इला."

माझी आई ग्रहण पाळायची म्हणजे पाळायची. सुटल्यावरची आंघोळ पुरी झाल्याशिवाय ती घरातल्या पेल्यालाही हात लावत नसे. ती तशीच बाहेर आली, ओल्या लुगड्याने, डोक्यात शिकेकाई, डोळ्यांत शिकेकाई. चाचपडत सिलिंडर उघडला, बाबांच्या नाकातली नळी बदलली आणि त्यांची पाठ चोळत बसली. मेणबत्ती घेऊन आलेल्या नाईककाकांनी घाबरून विचारलं, "वहिनी, आंघोळ अर्धी राहिली?" तर म्हणाली, "ग्रहण गेला खड्ड्यात."

मी कॉटवर बाबांजवळ बसले. मशीन पुन्हा घोरत होतं. बाबांनी विचारलं, "काल लाईट कोणी घालवल्यान गो?"

"मी," मी म्हणाले.

आईच्या हातातला चिवड्याचा डाव थांबला. बाबा मात्र हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. "माका भिया वाटूक नाय," ते म्हणाले. "म्हटलां, माझां चेडू थंय बसलेलां आसा. लाईट येतली."

मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले.

मी निघताना चपला घालत होते तेव्हा आई म्हणाली, "पंप दुपारी लावलो असतो तर?"

तर बरं झालं असतं, मी म्हणाले. दुपारी उन्हाची वीज मुबलक असते, तेव्हा टाकी भरली तर संध्याकाळी तेवढा भार कमी. कोणाला काही खर्च नाही, त्रास नाही. ती म्हणाली, "इतक्या साध्या आसा?" मी हो म्हणाले. पुढच्या मीटिंगमध्ये तिने हात वर केला. नाईककाका म्हणाले, संध्याकाळी पंप लावायची आपली पहिल्यापासूनची पद्धत आहे. आई म्हणाली, "ग्रहणात पद्धत बदललीत ना? मगे?" तेव्हापासून त्या सोसायटीचा पंप दुपारी लागतो. हळूहळू तिने स्वतःचं वाटण दुपारी वाटायला घेतलं, वॉशिंग मशीन दुपारी लावायला घेतलं, आणि शेजारच्या बायकांनाही त्या नादाला लावलं. एवढ्याने पडद्यावरची रेघ हलते का? एका सोसायटीने नाही हलत. ऑफिसात आता मोठमोठ्या बॅटऱ्यांच्या योजना येतात, दुपारची वीज भरून ठेवून संध्याकाळी सोडायची. कारखान्यांना दुपारी काम ओढून घ्यायला सांगतात. साठेसर निवृत्त होण्याआधी सणांचं एक वेगळं गणित करून गेले, त्यात आता ग्रहण सुटल्यावरचा चढही आहे. बैठकांतून यावर जे काही जड शब्द बोलले जातात ते ऐकताना मला आईचा दुपारचा मिक्सर ऐकू येतो.

बाबा या पावसाळ्यात गेले. हॉस्पिटलात, शांतपणे, लाईट असताना. दिवस झाल्यावर मशीन ज्यांच्याकडून आणलं होतं त्यांना परत केलं. कॉटच्या उशाशी भिंतीवर त्याच्या गरम हवेने एक पिवळट डाग पडला आहे, तो आई रंगवू देत नाही. घर फार शांत झालंय, असं ती म्हणते.

काल दुपारी ड्युटीवर जाताना तिचा फोन आला. पायाला सूज आहे, जिना उतरवत नाही. वॉचमन सुट्टीवर गेलाय, त्यामुळे पंप चालू करायला खाली तीच जाते. बाहेर ऊन मरणाचं. मी म्हणाले, "आई, संध्याकाळी लाव ना गं. ऊन उतरल्यावर. आता घरात मशीन पण नाहीये."

"आपल्याकडे नाय," ती म्हणाली. "पण चारकोपात कोणाकडे तरी असतलां मगे."

आणि फोन ठेवून ती जिना उतरायला लागली.